एका ‘इन’ची आग

महामार्गावर पुढे तेलाचा टँकर असला, की त्याच्या पाठीवरची अक्षरे वाचण्याची मला सवय आहे. कुठे ‘इन्फ्लेमेबल’ असते, कुठे ‘फ्लेमेबल’. बी.ए. झालो तरी बरीच वर्षे मी हे शब्द विरुद्धार्थी समजत होतो. ‘करेक्ट’च्या उलट ‘इनकरेक्ट’, तसा ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारा! प्रत्यक्षात दोहोंचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारा.

मित्रहो, ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. तिचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘इन’ हे उपसर्ग दोन. एक नकाराचा, दुसरा ‘आत’ या अर्थाचा. ‘पेटवणे’ या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ क्रियापदात हा दुसरा आहे. डॉक्टर दाहाला ‘इन्फ्लेमेशन’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला.

इंग्रजीत ‘इन्फ्लेमेबल’ आधी आला. ‘फ्लेमेबल’ एकोणिसाव्या शतकातला, आणि तोही फारसा वापरात नव्हता. पण गैरसमजातून माणसे भाजतील, ही भीती होती. म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात ‘फ्लेमेबल’चा आग्रह धरला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननेही १९५९मध्ये तेच धोरण जाहीर केले. न पेटणाऱ्या वस्तूला ‘नॉनफ्लेमेबल’ म्हणावे, असे ठरले. व्युत्पत्तीपेक्षा जीव मोठा, हा त्यामागचा विचार.

याच काळात बेंजामिन ली व्होर्फ हा पुढे भाषाशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला गृहस्थ अमेरिकेत हार्टफर्डच्या आगविमा कंपनीत नोकरीला होता. आगी का लागतात, हे तपासणे त्याचे काम. त्याला दिसले, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसे जपून वागतात. ‘एम्प्टी’ म्हटलेल्या पिंपांजवळ मात्र बिनधास्त सिगारेट ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात स्फोटक वाफ उरलेली असते, म्हणून ते अधिक धोक्याचे. ‘एम्प्टी’ म्हणजे आतला माल संपलेले, आणि ‘एम्प्टी’ म्हणजे आत काहीच नसलेले. या दोन अर्थांच्या फटीतून आग शिरत होती.

आपण इंग्रजीला हसू नये. ‘परोक्ष’ म्हणजे डोळ्यांआड, ‘अपरोक्ष’ म्हणजे डोळ्यांसमोर. तरी ‘माझ्या अपरोक्ष हे घडले’ असे आपण ‘माझ्या पाठीमागे’ या अर्थाने सर्रास म्हणतो. तिथे फार तर भांडण होते.

मुशायऱ्यात एका शब्दातून दोन अर्थ निघाले, की दाद मिळते. मी स्वतः त्या दादेचा भुकेला आहे. पण पिंपावर, टँकरवर, औषधाच्या बाटलीवर श्लेष चालत नाही. तिथे शब्द असा हवा, की धावतपळत वाचणाऱ्या कामगारालाही त्याचा एकच अर्थ लागेल. म्हणून तुमच्या हाती पाटी रंगवण्याचे काम आले, तर ‘इन’ गाळा. आणि मराठीत लिहा, ‘ज्वालाग्राही – आग जवळ आणू नका.’