विद्यापीठ-कॉलेजातली नोकरी आणि पगारी रजा : हज, इद्दत, बाळंतपण, ईद... कोणती रजा कुठे वापरायची?

विद्यापीठात किंवा कॉलेजात नोकरी म्हटली की लोक पहिलं वाक्य बोलतात, "तुम्हाला काय, सुट्ट्याच सुट्ट्या!" प्रत्यक्षात रजेचा हिशेब न समजल्यामुळे अनेकांचं नुकसान होतं. कुणाचा पगार कापला जातो, कुणाची हजची रजा ऐन वेळी अडकते, तर कंत्राटावर असलेली एखादी बहीण बाळंतपणात नोकरीच सोडून देते. आपल्या समाजातली मुलं-मुली आता प्राध्यापक, ग्रंथपाल, लिपिक, प्रयोगशाळा सहायक म्हणून मोठ्या संख्येने या क्षेत्रात येत आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती एका जागी देत आहोत.

आधी हे ठरवा : तुम्ही कोणत्या नियमात येता?

एकाच इमारतीत काम करणाऱ्या दोघांचे रजेचे नियम वेगळे असू शकतात.

- कायम शिक्षक : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत शिक्षकांच्या रजेचं सविस्तर प्रकरण आहे. त्यातल्या कोणत्या तरतुदी कशा लागू केल्या आहेत, ते आपल्या विद्यापीठाच्या परिनियमांत आणि शासन निर्णयात बघावं लागतं.
- शिक्षकेतर कर्मचारी : अकृषी विद्यापीठं आणि संलग्न कॉलेजांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी १९८४ चे प्रमाण संहिता नियम आहेत. शासकीय कर्मचाऱ्यांच्या रजेचा पाया महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ हा आहे.
- केंद्रीय विद्यापीठ : वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयासारख्या संस्था केंद्राच्या नियमांनी चालतात.
- तासिका तत्त्वावरचे आणि कंत्राटी : यांच्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त अडचण इथेच आहे.

अल्पसंख्याक संस्थेत आहोत म्हणून रजा कमी मिळते, असा काहींचा समज असतो. तसं नाही. संस्था अल्पसंख्याक असली तरी अनुदानित पदावरच्या माणसाची रजा शासनाच्या नियमांप्रमाणेच चालते.

रजेचे मुख्य प्रकार

नैमित्तिक रजा (सीएल) : यूजीसीच्या विनियमांत शिक्षकांना शैक्षणिक वर्षात ८ दिवस. मध्ये येणारे रविवार आणि सुट्ट्या यात मोजत नाहीत. ही रजा विशेष नैमित्तिक रजा सोडून दुसऱ्या कोणत्याही रजेला जोडता येत नाही. म्हणजे "चार दिवस सीएल आणि पुढे ईएल" असा अर्ज चालत नाही.

अर्जित रजा (ईएल) : पूर्ण पगाराची, कमावलेली रजा. ज्यांना उन्हाळी-दिवाळी अशी दीर्घ सुट्टी नसते त्यांच्या खात्यात १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५, असे वर्षाला ३० दिवस जमा होतात. शिक्षकांना दीर्घ सुट्टी असते, म्हणून त्यांचा हिशेब वेगळा : प्रत्यक्ष सेवेचा ३० वा भाग, म्हणजे वर्षाला साधारण १२ दिवस. दीर्घ सुट्टीत कामावर बोलावलं तर त्या दिवसांचा एक तृतीयांश भाग जादा मिळतो. परीक्षा, प्रवेश, पेपर तपासणी यासाठी सुट्टीत काम केलं असेल तर त्याचा लेखी आदेश जपून ठेवा. आदेश नसेल तर हे दिवस खात्यावर चढवून घेणं अवघड होतं. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत साठवता येते.

अर्धवेतनी रजा : वर्षाला २० दिवस, अर्ध्या पगारावर. आजारपणासाठी किंवा खासगी कामासाठी घेता येते. बरेच जण हिच्याकडे बघतही नाहीत, पण दहा वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या खात्यात २०० दिवस पडून असू शकतात.

परिवर्तित रजा : डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर अर्धवेतनी रजा पूर्ण पगाराच्या रजेत बदलता येते. मात्र एका दिवसासाठी खात्यातून दोन दिवस वजा होतात. यूजीसीच्या विनियमांत संपूर्ण नोकरीत याची मर्यादा २४० दिवस आहे.

असाधारण रजा : बाकी काहीच शिल्लक नसेल तेव्हा बिनपगारी. पगार नाही, पण नोकरी टिकते. न सांगता घरी बसण्यापेक्षा ही रजा केव्हाही बरी. विनापरवानगी गैरहजेरीमुळे सेवेत खंड पडू शकतो आणि त्याचा फटका पुढे पेन्शनपर्यंत जातो.

याशिवाय शिक्षकांना परिषदा, चर्चासत्रं, व्याख्यानं यासाठी वर्षाला ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मिळू शकते. पीएच.डी.साठी किमान तीन वर्षं सलग नोकरी झाल्यावर अध्ययन रजा मिळू शकते : आधी दोन वर्षं, गरज पडल्यास आणखी एक वर्ष. त्यासाठी बाँड लिहून द्यावा लागतो.

हजसाठी रजा

महाराष्ट्रातल्या विद्यापीठ कर्मचाऱ्यांसाठी "हज रजा" नावाचा वेगळा प्रकार नाही. सौदी अरेबियात नोकरीला असलेले नातेवाईक सांगतात की तिथे हजची पगारी रजा मिळते. ते खरं आहे. तिथल्या कामगार कायद्यात दोन वर्षं सलग नोकरी झालेल्या मुस्लिम कामगाराला, संपूर्ण नोकरीत एकदा, बकरी ईद धरून १० ते १५ दिवस हजची रजा आहे. पण तो कायदा तिथला. इथे हजसाठी आपली अर्जित रजाच वापरावी लागते.

हज कमिटीचा नेहमीचा सफर साधारण ४० दिवसांच्या पुढे असतो. शिक्षकाला वर्षाला १२ दिवस मिळतात असं धरलं, तर तेवढी रजा साठायला साडेतीन-चार वर्षं लागतात. म्हणून हजचा इरादा असेल तर पैशांसारखीच रजाही आधीपासून साठवा.

दीर्घ सुट्टी आणि अर्जित रजा जोडता येते. पण यूजीसीच्या विनियमांत अर्जित रजा एका वेळी साधारण ६० दिवसांपर्यंत मंजूर होते आणि जोडलेली दीर्घ सुट्टीही त्या ६० मध्ये धरली जाते. उदाहरणार्थ, ३० दिवस उन्हाळी सुट्टी आणि १५ दिवस अर्जित रजा असे ४५ दिवस या मर्यादेत बसतात, आणि खात्यातून जातात फक्त १५.

चांद्र वर्षामुळे हज दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. २०२६ मध्ये तो मेच्या अखेरीस, पुढची एक-दोन वर्षं मे महिन्यात आणि मग हळूहळू एप्रिलकडे, म्हणजे परीक्षांच्या हंगामात. शिक्षकांसाठी उन्हाळी सुट्टीत हज करण्याची सोय आता थोडीच वर्षं आहे.

रजा मंजूर झाली म्हणजे परदेशी जाण्याची परवानगी मिळाली, असं समजू नका. ती वेगळी घ्यावी लागते. दीर्घ सुट्टीत जात असाल तरी परवानगीचा अर्ज द्या. उमऱ्यालाही हेच लागू.

ईद आणि रमजान

रमजान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद या चारही दिवशी महाराष्ट्रात सार्वजनिक सुट्टी असते. चंद्रदर्शनावर तारीख बदलली तर शासन तसं परिपत्रक काढतं. केंद्रीय संस्थांमध्ये याशिवाय दोन ऐच्छिक सुट्ट्या घेता येतात.

२०२५ मध्ये तेलंगणा आणि आंध्र प्रदेश सरकारांनी रमजानमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांना एक तास लवकर जाण्याची मुभा दिली होती. तो मेसेज दरवर्षी फिरतो आणि काही जण तो दाखवून इथे लवकर निघतात. दुसऱ्या राज्याचा आदेश आपल्याला लागू होत नाही. आपल्या विभागप्रमुखांशी आधी बोलून, शक्यतो लेखी, वेळ ठरवून घ्या.

इद्दतीत असलेल्या बहिणींसाठी

शौहरच्या इंतकालानंतरची इद्दत चार महिने दहा दिवसांची, म्हणजे जवळपास १३० दिवसांची. सौदी अरेबिया आणि कुवेतच्या कामगार कायद्यांत यासाठी पगारी रजा आहे. आपल्याकडे रजा नियमांत "इद्दत" हा शब्द नाही. पण वाट आहे.

समजा, एखाद्या प्राध्यापिकेच्या खात्यात ७० दिवस अर्जित आणि १८० दिवस अर्धवेतनी रजा शिल्लक आहे. तिने ६० दिवस अर्जित आणि पुढे ७० दिवस अर्धवेतनी असा जोडून अर्ज केला, तर १३० दिवस पूर्ण होतात. पहिले दोन महिने पूर्ण पगार, पुढे अर्धा. नोकरीही शाबूत आणि घरही चालतं.

अशा दुःखात बाईला अर्ज सुचत नाही. तेव्हा भाऊ, मुलगा किंवा मैत्रिणीने पहिल्या दोन-तीन दिवसांत तिच्या सहीचा अर्ज कॉलेजात पोहोचवावा. अर्जात "कौटुंबिक कारण, पतीचे निधन" एवढं लिहिलं तरी पुरतं. इतकी रजा शिल्लक नसेल आणि कामावर जाणं भाग असेल, तर इद्दतीत रोजीसाठी बाहेर पडण्याबद्दल आपल्या मुफ्तींकडून विचारून घ्या. परस्पर राजीनामा देऊ नका.

बाळंतपण आणि मुलांचं संगोपन

कायम महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची पूर्ण पगारी प्रसूती रजा मिळते. यूजीसीच्या विनियमांत ती संपूर्ण नोकरीत दोनदा घेता येते, आणि गर्भपात झाल्यास नोकरीत एकूण ४५ दिवसांपर्यंत रजा आहे. प्रसूती रजा अर्जित रजेच्या खात्यातून वजा होत नाही. तिला जोडून दुसरी रजाही घेता येते.

राज्य शासनाने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली. यूजीसीच्या विनियमांत ती दोन वर्षांपर्यंत आहे. तुमच्या विद्यापीठाने कोणती तरतूद स्वीकारली आहे ते आस्थापना विभागात विचारा. वडिलांसाठीही यूजीसीच्या विनियमांत १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, दोन मुलांपर्यंत.

दुसऱ्या निकाहनंतर एक प्रश्न हमखास येतो : पतीला आधीच्या पत्नीची दोन मुलं असतील, तर आपल्या पहिल्या बाळासाठी प्रसूती रजा मिळेल का? चंदीगडच्या एका परिचारिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. सावत्र मुलांसाठी आधी बालसंगोपन रजा घेतली, या कारणाने तिच्या स्वतःच्या बाळासाठीची प्रसूती रजा नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

तासिका तत्त्व आणि कंत्राटी कर्मचारी

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला जेवढे तास घेतले तेवढेच पैसे मिळतात. सुट्टी लागली की कमाई बंद. आपल्या अनेक शिकलेल्या मुली वर्षानुवर्षं अशाच नोकरीत आहेत.

पण प्रसूतीच्या बाबतीत कायदा त्यांना अगदी उघड्यावर सोडत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा आली. दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर ती १२ आठवडे. अट एवढीच की आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद आहे. रोजंदारीवरच्या महिलांनाही हा लाभ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महापालिकेच्या प्रकरणात सांगितलं. २०२३ मध्ये कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात आणखी पुढे जाऊन म्हटलं की, कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी मातृत्व लाभ पूर्ण द्यावा लागतो.

म्हणून "तू कंत्राटी आहेस, तुला रजा नाही" असं कुणी तोंडी सांगितलं तर तिथेच माघार घेऊ नका. लेखी अर्ज करा, पोच घ्या, नकार दिला तर तोही लेखी मागा.

अर्ज करताना हे लक्षात ठेवा

१. वर्षातून एकदा सेवापुस्तक आणि रजेचा हिशेब तपासा. दाखवत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

२. रजा हक्क म्हणून मागता येत नाही. कामाच्या गरजेपोटी अधिकारी ती नाकारू शकतात. पण तुम्ही मागितलेल्या, खात्यात असलेल्या रजेचा प्रकार ते परस्पर बदलू शकत नाहीत. अर्जित मागितली आणि बिनपगारी लावली, असं झालं तर लेखी हरकत घ्या.

३. आधी घेतलेली रजा नंतर दुसऱ्या प्रकारात बदलून मागता येते. उशीर करू नका.

४. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार केलेल्या महिलेला, चौकशी चालू असताना, समितीच्या शिफारशीने तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळू शकते. ती नेहमीच्या रजेतून कापली जात नाही.

५. निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात, नियमांनुसार ३०० दिवसांपर्यंत. शासकीय कर्मचाऱ्यांना ही रक्कम पूर्ण करमुक्त आहे, इतरांना २५ लाखांपर्यंत. विद्यापीठ ही स्वायत्त संस्था असल्याने आपण कोणत्या गटात धरले जातो, ते लेखा विभागाकडून निवृत्तीच्या आधीच लेखी घ्या.

६. दाद मिळत नसेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये शिक्षक आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रार निवारणाची सोय आहे. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना सोबत घ्या आणि प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा.

घरात कुणी कॉलेजात किंवा विद्यापीठात नोकरीला असेल तर हे त्यांना वाचायला द्या. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुली-सुनांपर्यंत तर जरूर पोहोचवा. कायम नोकरीवाल्याला नियम सांगणारं कुणी ना कुणी ऑफिसात असतं, त्यांना बहुतेक वेळा कुणीच सांगत नाही.