खेकड्याच्या रक्तातला अमीबा
१८९६ साली जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रिट्झ शाउडिन यांनी ‘पॅरामीबा’ ही समुद्री अमीबांची प्रजाती वर्णिली. केंद्रकाला लागून असलेली जादा गोळी ही तिची खूण. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर निळे खेकडे पोटाकडून करडे पडून मरत. त्यांच्या रक्तातल्या अमीबाला १९६९ मध्ये ‘पॅरामीबा पर्निसिओसा’ हे नाव मिळाले. १९८७ मध्ये संशोधक पेज यांनी पृष्ठभागावर सूक्ष्म खवले नसलेल्या जाती ‘निओपॅरामीबा’त वेगळ्या काढल्या. १९९९ मध्ये याच पूर्व किनाऱ्यावरील लाँग आयलंड साउंडमध्ये शेवंडांची मोठी मरतूक झाली, तेव्हा त्यांच्या मज्जातंतूंतही याच गटातला अमीबा दिसला. सर्वांत विलक्षण ठरली ती गोळी: ती अमीबाचा अवयव नसून त्याच्या पेशीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारा दुसराच एकपेशीय जीव असल्याचे डीएनएने पक्के केले.