लोहगाव व परिसर : स्थलनामांच्या आधारे एका विमानतळनिकट उपनगराचा इतिहास

१

एखाद्या गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास दप्तरातील कागदांइतकाच त्या गावाच्या शिवारातील नावांचा आधार घ्यावा लागतो. कागद राजवटीबरोबर बदलतात, पण नावे बहुधा मागे उरतात. आणि जेथे नावही बदलते तेथे सत्तेचा किंवा उपजीविकेचा पालट झाला असावा, असे अनुमान करण्यास जागा राहते. पुणे शहराच्या ईशान्येस असलेले लोहगाव, त्याच्या उत्तरेचे चऱ्होली, पश्चिमेकडील दिघी, कळस व बोपखेल आणि दक्षिणेस नव्याने वसलेले विमाननगर हा टापू अशा अभ्यासास विशेष सोयीचा आहे. त्यातील काही भाग पुणे महानगरपालिकेत मोडतो, तर काही पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत. भूमी मात्र सलग आहे आणि तिच्या अलीकडच्या इतिहासाचे सूत्र लोहगावच्या धावपट्टीशी बांधलेले आहे.

विमानतळामुळे येथे उपनगर वाढले, असे सामान्यतः म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विमानतळाने वस्तीस आमंत्रण दिले, तसेच तिला अटकावही केला. या दोन्ही क्रियांच्या ओढाताणीतून आजच्या उपनगराचा आकार सिद्ध झाला आहे.

२

या टापूतील नावांचा सर्वांत जुना थर राष्ट्रकूटकालीन ताम्रपटात आढळतो. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. ७५८ च्या दानपत्रात पुण्यविषयातील बोपखेल हे गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. त्याच्या चतुःसीमा सांगताना कळस, दापोडी व भोसरी या गावांची पूर्वरूपे आणि मुळा नदीचे नाव आले आहे. दापोडीचे रूप तेथे ‘दर्पपूडिका’ असे असून मुळेचे ‘मूइला’ असे आहे. बाराशेहून अधिक वर्षांत राजवटी आल्या आणि गेल्या. शेजारशेजारची ही गावे मात्र ध्वनिपरिवर्तनाचे नियम पाळीत आपापल्या नावांनिशी जागच्या जागी राहिली. गावाची सीमा नदीने व शेजारच्या गावाने ठरते, ही कल्पना या दानपत्रात गृहीत आहे. पुढील विवेचनात तिचे स्मरण ठेवणे अवश्य आहे.

दुसरा थर मुसलमानी अंमलातील महसुली परिभाषेचा होय. चऱ्होली बुद्रुक आणि चऱ्होली खुर्द या जोडनावांतील ‘बुजुर्ग’ व ‘खुर्द’ हे फार्सी शब्द मोठे आणि धाकटे गाव असा भेद दाखवितात. मूळ नाव मात्र त्यांनी पुसले नाही. ते केवळ त्याच्या मागे जोडले गेले.

लोहगाव या नावाच्या आरंभी ‘लोह’ शब्द असल्यामुळे तेथे लोखंडाचा धंदा असावा, अशी कल्पना सहज सुचते. परंतु नुसत्या नामसादृश्यावर असा निष्कर्ष उभारणे धोक्याचे आहे. उत्खननाचा किंवा लेखाचा आधार मिळेपर्यंत ती व्युत्पत्ती लौकिकच समजावी. गावाची खरी प्रतिष्ठा निराळ्या कारणाने आहे. तुकाराममहाराजांचे आजोळ म्हणून वारकरी परंपरा लोहगावास मान देते. महाराजांची कीर्तने तेथे होत असत, आणि प्रारंभी विरोधी असलेला शिवबा कासार पुढे त्यांचा अनुयायी झाला, ही कथा महीपतीने आपल्या संतचरित्रांत सांगितली आहे. देहू, आळंदी व लोहगाव ही तीन स्थाने जोडली असता जो त्रिकोण होतो, त्याच्या एका टोकाशी आजचा विमानतळ आहे.

येथे शब्दार्थाचा एक विलक्षण योग नोंदविण्यासारखा आहे. ‘विमान’ हा शब्द लोहगावच्या श्रोत्यांना नवा नव्हता. संस्कृतात देवांचे वाहन आणि मंदिराचा एक भाग अशा दोन्ही अर्थांनी तो रूढ होता. तुकाराममहाराजांच्या वैकुंठगमनाच्या कथेमुळे तो कीर्तनातून खेडोपाडी पोहोचला होता. विसाव्या शतकात याच शब्दाने यंत्राचा अर्थ धारण केला. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे विमानतळास तुकाराममहाराजांचे नाव देण्याचा प्रस्ताव संमत केला, तेव्हा या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच स्थळी एकत्र आले, असे म्हणावयास हरकत नाही.

३

तिसरा थर लष्करी होय. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिश हवाई दलाने १९३९ मध्ये लोहगाव येथे तळ उभारला. दुसऱ्या महायुद्धात तेथे वेलिंग्टन, मॉस्किटो आदी विमाने होती. मे १९४७ मध्ये तळाचा ताबा भारतीय हवाई दलाकडे आला. सुखोई जातीची विमाने भारतात प्रथम याच तळावर १९९७ मध्ये दाखल झाली. नागरी वाहतूक या तळावर पाहुणी म्हणून आली. प्रवाशांची इमारत नागरी प्राधिकरणाची असली, तरी धावपट्टी व उड्डाणनियंत्रण हवाई दलाच्या हाती आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी पंधरवडाभर सर्व नागरी उड्डाणे थांबवावी लागली, त्यावरून हे अवलंबित्व स्पष्ट होते.

लष्करी थराची भाषिक खूण रस्त्यावरच्या नावांत दिसते. दिघीकडील ‘मॅगझीन चौक’ दारूगोळ्याच्या कोठाराची आठवण देतो. हा शब्द मूळ अरबी ‘मख्झन’ म्हणजे कोठार यापासून निघून युरोपीय भाषांतून फिरत इंग्रजीच्या द्वारा मराठीत आला. विमानतळाच्या वाटेवरील ‘पाचशे नऊ चौक’ हे नाव लष्करी आस्थापनेच्या क्रमांकावरून पडले आहे. जेथे पूर्वी झाड, देव किंवा पाणवठा स्थळास नाव देत असे, तेथे अंक नाव देऊ लागला.

या थराने गावांच्या सीमांचा अर्थही बदलला. संरक्षण आस्थापनांच्या परिसरातील बांधकामावर १९०३ च्या कायद्यान्वये निर्बंध घालता येतात. विमानांच्या मार्गामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा येते, ती निराळीच. बोपखेलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारातून जाणारा या गावाचा नित्याचा रस्ता मे २०१५ मध्ये बंद झाला. ग्रामस्थांना मोठा वळसा पडू लागला आणि प्रकरण आंदोलनापर्यंत गेले. आठव्या शतकात ज्या गावाची चतुःसीमा नदीने व शेजारगावांनी सांगितली, त्याच गावाचे दळणवळण एकविसाव्या शतकात एका फाटकावर अवलंबून राहिले.

४

वस्तीला आमंत्रण देणारी शक्ती प्रथम पश्चिमेकडून आली. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी मिळून नगरपालिका झाली. १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली होती. फिरंगोजी नरसाळ्याने १६६० मध्ये शाएस्ताखानाशी झुंजविलेल्या किल्ल्यामुळे परिचित असलेले चाकण २००९ च्या सुमारास मोटारनिर्मितीचे केंद्र बनले. या सर्व पट्ट्यास स्वतःचा विमानतळ नाही. चाकणचा प्रवासी आळंदी-दिघीच्या वाटेने लोहगावासच येतो.

अशा रीतीने कारखान्यांचा पट्टा आणि धावपट्टी यांच्यामधील गावे दोन्हीकडून ओढली गेली. चऱ्होली, दिघी, मोशी इत्यादी गावे १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत गेली. लोहगावचा उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाला. येथे क्रम लक्षात घेतला पाहिजे. बहुतेक ठिकाणी घरे आधी झाली आणि नगरपालिका मागून पोहोचली. रस्ता, पाणी व सांडपाणी यांविषयीच्या या भागातील तक्रारींचे मूळ या क्रमात आहे.

नावांचा चौथा थर याच काळातला. ‘विमाननगर’ हे नाव ‘गाव’, ‘वाडी’ व ‘वस्ती’ या जुन्या उत्तरपदांस सोडून ‘नगर’ हे उत्तरपद घेते. त्याचे पूर्वपद भूमीतून आलेले नसून शेजारच्या आस्थापनेतून आले आहे. याउलट खांदवेनगर, खेसे पार्क यांसारख्या नावांत जुन्या भूधारक घराण्यांची आडनावे टिकून आहेत. जमीन विकली तरी नाव राखावे, ही इच्छा त्यांत दिसते. अशी नावे हा भूमिहस्तांतराचा एक प्रकारचा दस्तऐवजच आहे.

५

लष्करी तळावरील नागरी वाहतुकीस मर्यादा असल्यामुळे नव्या विमानतळासाठी प्रथम चाकण-खेड भागाचा विचार झाला. तेथील शेतकऱ्यांच्या विरोधानंतर २०१६ मध्ये पुरंदर तालुक्याची निवड करण्यात आली. लोहगावास मार्च २०२४ मध्ये नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन होऊन त्याच वर्षी जुलैपासून ती वापरात आली. तरीही पुरंदरचा प्रकल्प पुढे सरकला असून २०२५ मध्ये भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाली. पारगाव, खानवडी, कुंभारवळण, वनपुरी आदी सात गावे तीत येतात. त्यांपैकी खानवडी हे महात्मा फुले यांच्या घराण्याचे गाव होय.

लोहगावचा अनुभव या गावांना कोणता बोध देतो? सात-बाराच्या उताऱ्यात शेताच्या स्थानिक नावासाठी एक रकाना असतो. जमीन शेतीतून निघून नगरभूमापनात गेली की उताऱ्याची जागा मिळकतपत्रिका घेते आणि तो रकाना लोप पावतो. त्याबरोबर ओढ्याचे, बांधाचे, माळाचे नावही व्यवहारातून जाते. नुकसानभरपाईचा हिशेब क्षेत्रफळावर होतो, नावांचा हिशेब कोणी करीत नाही. शेतकऱ्याच्या विरोधाकडे केवळ किमतीची घासाघीस म्हणून पाहणाऱ्यांनी ही गोष्ट विचारात घ्यावी. गावाला स्वतःची सीमा स्वतःच्या शब्दांत सांगता येणे, हाही एक हक्कच आहे.

म्हणून या सात गावांच्या शिवारनामांचे सर्वेक्षण संपादन पूर्ण होण्यापूर्वीच हाती घेणे आवश्यक आहे. एका तालुक्यापुरते हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी तलाठी दप्तरातील रकाना, जुने गावनकाशे आणि वृद्ध शेतकऱ्यांची तोंडी साक्ष ही तीन साधने पुरेशी होतील. ताम्रपट कोरणाऱ्याने बोपखेलच्या चतुःसीमा नोंदविल्या, म्हणून आज त्या गावाची प्राचीनता सांगता येते. आपल्या पिढीने निदान तेवढी नोंद मागे ठेवावी, अशी अपेक्षा वावगी ठरणार नाही.