बायबलबाईचं कुळ

ख्रिस्ती मंडळीत बाईनं पुलपिटवर उभं राहून उपदेश करावा का, प्रभुभोजन द्यावं का, पाळकाची दीक्षा घ्यावी का, हा वाद निघाला की दोन्हीकडची शस्त्रं ठरलेली असतात. एक जण पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र उघडतो आणि चौदावा अध्याय दाखवतो: स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं. लगेच तीमथ्याला लिहिलेलं पत्रही पुढे येतं. दुसरा त्याच पौलाचं गलतीकरांना लिहिलेलं पत्र काढतो, ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री असा भेद नाही म्हणतो. मग फिबी येते, प्रिस्किल्ला येते, फिलिप्पाच्या संदेश देणाऱ्या चार मुली येतात. रिकाम्या कबरेची बातमी पुरुष शिष्यांना सांगणारी मग्दालिया मरीया तर येतेच येते. चहा होतो, सलाम करून माणसं घरी जातात, वाद तिथंच राहतो.

या वादात एक गंमत आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, नगर या पट्ट्यात उपदेश करणारी ख्रिस्ती बाई ही काही नवी मागणी नव्हे. ती इथं दीडशे वर्षं जुनी नोकरी आहे. तिचं नाव बायबल वुमन. कुणी बायबलबाई म्हणे, कुणी नुसतंच बाई.

या नोकरीचं मूळ गाव लंडन. 1857 साली एलन रॅनयार्ड नावाच्या बाईंनी सेव्हन डायल्स या लंडनमधल्या अतिशय दरिद्री वस्तीत एक प्रयोग केला. वस्तीतलीच एक गरीब बाई त्यांनी पगारावर नेमली. तिनं घरोघर जाऊन बायबल विकायचं, तेही आठवड्याला पेनी-पेनी घेऊन. जाता जाता आजाऱ्याची विचारपूस करायची, घर टापटीप कसं ठेवावं ते दाखवायचं. पाद्री जिथं पोचत नव्हता तिथं ही पोचली, कारण ती त्यांच्यातलीच होती. या कामाला कुणी उपदेश म्हणालं नाही, आणि पुढचं सगळं राजकारण त्यातच आहे. बाई पुस्तक विकते, वाचून दाखवते, समजावून सांगते, प्रार्थना करते, पण ती 'उपदेशक' नाही. मग पौलाची अडचण कुठे येते?

हा नमुना थोड्याच वर्षांत हिंदुस्थानात आला, आणि इथं तो लंडनपेक्षा जास्त चालला. कारण उघड होतं. मिशनरी साहेब चौकात उभा राहून कितीही गळा काढो, त्याच्यापुढे पुरुष जमत. बायका पडद्यात, माजघरात, फार तर विहिरीवर. निजामाच्या मुलखात तर पडदा आणखी जाड. तिथं जायला बाईच हवी, आणि गोरी मडम एकटी किती घरं करणार? तिला ना भाषेचा सराव, ना उन्हाचा. म्हणून देशी बाई नेमली गेली. पुष्कळदा विधवा, नाहीतर शिक्षकाची किंवा उपदेशकाची बायको. वाचता येणं ही पहिली अट, आणि वाचता येणारी बाई त्या काळी मिशनच्या शाळेतच तयार होत होती.

तिचा दिवस कसा जाई, ते मिशनच्या अहवालांवरून बऱ्यापैकी कळतं. सकाळी नाही, कारण सकाळी कुठल्याच घरात बाईला बसायला सवड नसते. जेवणं आटोपल्यावर, दुपारच्या वेळी निघायचं. शक्यतो दोघींनी जायचं. पिशवीत शुभवर्तमानाची पातळ पुस्तकं, एखादं चित्र, गाण्याचं पुस्तक. ओट्यावर बसायचं आणि आधी गायचं. गाणं ऐकून शेजारणी सरकत सरकत येतात. मग गोष्ट. विहिरीवर पाणी मागणारा येशू आणि शोमरोनी बाई ही गोष्ट इथं हमखास लागू पडे, कारण पाण्याची विटाळशिवण ऐकणाऱ्या प्रत्येकीला घरची ठाऊक. मध्येच कुणी पोराच्या तापाचं विचारी, कुणी नवऱ्याच्या दारूचं. त्यावरही बोलावं लागे. एखादी सून हळूच म्हणे, मला अक्षर शिकवाल? मग पुढच्या फेरीला पाटी. आठवड्याच्या शेवटी मडमेपुढे हिशेब: किती घरं, किती ऐकणाऱ्या, किती पुस्तकं खपली.

जातीचा काच होताच. मराठवाड्यातले बहुतेक ख्रिस्ती मांग आणि महार समाजातून आलेले. त्यांच्यातली बाई वाड्याच्या आत कशी जाणार? तिला अंगणात, नाहीतर वाड्याबाहेरच थांबावं लागे. तेव्हा बाईपण हे दार उघडणारं होतं, पण सगळीच दारं नाही. बायबलबाईचं कौतुक करणारे लेखक ही गोष्ट सहसा गाळतात.

या पट्ट्यातला मिशनचा नकाशा थोडक्यात सांगायचा तर नगरला अमेरिकन मराठी मिशन, 1831 पासून. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, चर्च मिशनरी सोसायटी, आणि तिचं काम अनेक वर्षं सांभाळलं रतनजी नौरोजी या पारशाचा ख्रिस्ती झालेल्या पाळकानं. जालन्याला, जे 1981 पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, स्कॉटलंडची फ्री चर्च आणि तिचे नारायण शेषाद्री. हे ब्राह्मण घराण्यातले, जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे. नावं बघा: रतनजी, नारायणराव. दीक्षा घेतलेला देशी पाळक या भागाला फार लवकर मिळाला. देशी पाळकीण मात्र त्याच काळात पाळकाच्या बायकोलाच म्हणत.

नगरच्या अमेरिकन मिशनची गोष्ट तर मासलेवाईक आहे. हे लोक काँग्रिगेशनल पंथाचे. या पंथात मंडळी स्वतःचा पाळक स्वतः निवडते. याच पंथाच्या न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर गावच्या मंडळीनं 1853 मध्ये अँटोनेट ब्राउन या बाईला पाळकपदाची दीक्षा दिली होती. म्हणजे ज्या घरातून नगरला मिशनरी आले त्या घरात बाईची पुलपिटची पायरी चढून झाली होती. आणि नगरला कोण होतं? सिंथिया फॅरार. त्यांच्या अमेरिकन बोर्डानं परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित बाई. 1827 मध्ये मुंबईत उतरल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, 1862 मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुल्यांचं अध्यापनाचं शिक्षण त्यांच्याकडे झालं, हे मराठी वाचकाला माहीत असतं. फॅरारबाईंनी पस्तीस वर्षं शिकवलं, दीक्षेचा प्रश्नच कुणी काढला नाही. मिशनच्या कागदात बाई म्हणजे साहाय्यक.

पण या कुळातली खरी मोठी शाखा पंडिता रमाबाईंच्या केडगावची, आणि तिथं जरा थांबायला हवं.

रमाबाई ख्रिस्ती होण्याआधीच उपदेशक होत्या. आईवडिलांबरोबर देशभर हिंडत पुराण सांगणं हाच घरचा उपजीविकेचा मार्ग. वडील अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकनिंदा सोसावी लागली, तरी त्या आईनं मुलीलाही शिकवलं. 1878 मध्ये कलकत्त्यात पंडितांनी तिची परीक्षा घेऊन पदवी दिली. 1882 मध्ये पुण्यात तिनं आर्य महिला समाज काढला. अशी ही बाई 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं बाप्तिस्मा घेते आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकायला-शिकवायला जाते. तिथल्या प्रमुख मिस बील यांच्या मनात आलं की हिनं पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं. झालं! पत्रं लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांपर्यंत गेली. बिशपांचं उत्तर असं की हे बरं दिसणार नाही, तिच्या देशातले लोक काय म्हणतील, पुढच्या कामाला बाध येईल.

रमाबाईंनी यावर जे लिहिलं त्याचा आशय इतका सरळ आहे की हसू येतं. माझ्या वडिलांनी नाही आक्षेप घेतला, नवऱ्यानं नाही घेतला, माझ्या देशात मी पुरुषांच्या सभांतून बोलले. हरकत आली ती इंग्रजांकडून. बिशप ज्या 'देशातल्या लोकां'चा हवाला देत होते त्याच लोकांतून ती आली होती. बाईनं पुरुषाला शिकवू नये हा नियम इथल्या रूढीच्या नावानं सांगितला गेला खरा, पण या वेळी तो बोटीनं आला होता.

रमाबाईंनी केडगावला काढलेल्या मुक्ती सदनात पुढे काय झालं ते या वादाच्या दृष्टीनं फार बोलकं आहे. 1905 मध्ये तिथं पुनरुज्जीवनाची लाट आली. मुलींची प्रार्थना-पथकं निघाली आणि आसपासच्या गावांत जाऊन वचन सांगू लागली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका, शेतावर बायका, शिकवायला बायका. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत सबंध बायबल आणायला बसल्या. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, त्यांचं बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. म्हणजे पाळकानं ज्या ग्रंथातून उपदेश करायचा तो ग्रंथच बाईनं सिद्ध केला. पण मुक्तीतल्या मुलींना बाप्तिस्मा द्यायचा तर बाहेरून दीक्षित पुरुष बोलवावा लागे.

माझं म्हणणं इथंच आहे. मराठी मुलखात वाद उपदेशाचा नव्हताच. उपदेश बाई करतच होती, तिला तो करायला लावतच होते. वाद होता मेजाचा आणि पाण्याचा: प्रभुभोजनाची भाकर कुणी मोडायची, बाप्तिस्म्याचं पाणी कुणी घालायचं. आणि त्यामागोमाग पगारपत्रकाचा, बंगल्याचा, कमिटीतल्या खुर्चीचा. पौलाचं वचन बायबलबाईला उन्हातान्हात पाठवताना कुणाला आठवलं नाही. ते आठवलं तिनं खुर्ची मागितल्यावर.

याला एक ठळक अपवाद झाला, तो मुक्तिफौजेचा, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचा. 19 सप्टेंबर 1882 रोजी मुंबईत फ्रेडरिक टकर यांच्यासह चार जण उतरले, त्यांत मेरी थॉम्पसन ही एक बाई होती, हुद्द्यानं अधिकारी. फौजेच्या कॅथरीन बूथ यांनी स्त्रियांच्या उपदेशाच्या बाजूनं 1859 मध्येच पुस्तिका लिहिली होती. नगरच्या बूथ हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे त्या इव्हँजेलीन बूथ 1934 मध्ये सबंध फौजेच्या जनरल झाल्या. पण फौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधीच नाहीत, हेही लक्षात घ्यावं. मेजच नाही, तेव्हा मेजावरून भांडण नाही.

आता जरा वाट वाकडी करून वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला जाऊ. तिथं संत बहिणाबाईंची समाधी आहे. जन्म कन्नड तालुक्यातल्या देवगावचा, सतरावं शतक, ब्राह्मण घर, आणि गुरू देहूचा वाणी तुकोबा. नवऱ्याचा मार खाऊन तिनं अभंग रचले आणि बाईच्या जन्माला वेदाचा अधिकार नाही ही खंत स्पष्ट बोलून दाखवली. तिचं आत्मचरित्र आणि अभंग 1929 मध्ये इंग्रजीत आणले ते कुणी? जस्टिन अ‍ॅबट यांनी, म्हणजे याच अमेरिकन मराठी मिशनच्या माणसानं. आपल्या मिशनमधल्या एखाद्या बायबलबाईचं असं आत्मचरित्र त्या मिशनमधल्या कुणाला लिहवून घ्यावंसं वाटलं असतं तर आज हा लेख निम्म्यानं सोपा झाला असता. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आहे, पण ते त्यांच्या स्वतःच्या बळावर.

विसाव्या शतकात जगभर दारं एकेक करून उघडली. 1944 मध्ये फ्लोरेन्स ली टिम-ओई ही अँग्लिकन पंथातली पहिली स्त्री-प्रीस्ट झाली, तीही युद्धात प्रीस्ट पोचेना म्हणून. गरज पडली की बाई चालते, हा बायबलबाईचाच न्याय. अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी 1956 मध्ये बायकांना पूर्ण हक्क दिले. इंग्लंडच्या चर्चनं 1994 मध्ये दीक्षा दिली, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मलाली यांचं नाव जाहीर झालं. आपल्याकडे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतलं ख्राईस्ट चर्च त्याच घरातलं. या चर्चनं पुढे बायकांना दीक्षा खुली केली. दक्षिणेच्या चर्चमध्ये 2013 साली पुष्पा ललिता नंद्यालच्या बिशप झाल्या, आणि अलीकडे उत्तरेच्या चर्चनंही व्हायोलेट नायक यांना ओडिशातल्या फुलबाणीच्या बिशप केलं. नियमाच्या पुस्तकात भांडण संपलं आहे. पाळक नेमणाऱ्या कमिटीत मात्र 'रात्रीअपरात्री खेड्यावर कोण जाणार?' असा प्रश्न अजून विचारला जातो. बायबलबाई कुठं जात होती, असं उलट विचारणारं त्या खोलीत कुणी नसतं.

कॅथलिक घर वेगळं. छत्रपती संभाजीनगर शहरात सेंट फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रल आहे, 1977 पासून औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. सिस्टर शाळा चालवतात, दवाखाना चालवतात, मुलांना धर्मशिक्षण देतात. मिस्सा आणि मिस्सेतलं प्रवचन त्यांचं नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1994 मध्ये स्त्रियांना पुरोहित करण्याचा अधिकार चर्चला नाहीच असं सांगून टाकलं. पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये वाचक, वेदीसेवक आणि धर्मशिक्षक या सेवा बायकांना रीतसर खुल्या केल्या. तेवढंच.

बायबलबाईचं पद आता जवळजवळ गेलं. मुली धर्मशास्त्राच्या पदव्या घेतात. पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीत मराठीतून शिकता येतं. पण त्यांच्या आधीच्या बायकांची नावं पाळकांच्या पाट्यांवर नाहीत. ती असलीच तर मंडळीच्या जुन्या हिशेबवहीत, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत साक्षीदार म्हणून, किंवा घरातल्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर. ज्यांची आजी, पणजी, आत्या बायबल वुमन होती त्यांनी या वह्या वाळवी लागायच्या आत उघडाव्यात, आणि तिचं नाव, गावं आणि पगार उतरवून मंडळीच्या दप्तरी लावावं.