पुस्तकांचे दुकान आणि ठणठणपाळचा हातोडा

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात ‘ललित’ची नोंद ग्रंथव्यवहाराचे मासिक म्हणून होते. नोंद बरोबर आहे, पण त्यात दुकान विसरले जाते. जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ सुरू करणारे केशवराव कोठावळे हे गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलचे. म्हणजे वाचकांना एकत्र बांधणारा माणूस आणि त्यांना पुस्तक विकणारा माणूस एकच. अशा माणसावर वाचकाने विश्वास का ठेवावा, हा प्रश्न मला या मासिकाकडे घेऊन गेला.

संपादक आणि व्यापारी एकाच अंगरख्यात असणे मुंबईला नवे नव्हते. ‘मनोरंजन’चे काशिनाथ रघुनाथ मित्र (मूळचे आजगावकर, बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी आडनावच बदलले) यांनी १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला, आणि आज आपण ज्या प्रकारचा अंक हातात धरतो त्याची वाट तिथून सुरू झाली. अंक देखणा, मजकूर निवडक, आणि सणाच्या खरेदीचे दिवस अचूक हेरलेले. पण मित्र विकत होते ते आपलेच मासिक. कोठावळ्यांच्या मांडणीवर सगळ्यांचा माल होता.

माझ्या मते मेख इथे आहे. पुस्तकविक्री हा या घराचा मूळ धंदा, प्रकाशन नंतरचे. निव्वळ प्रकाशकाला आपले पुस्तक खपले की पुरते. विक्रेत्याला कोणाचेही खपले तरी चालते. त्याला हवा असतो तो महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा दुकानाची पायरी चढणारा माणूस. म्हणून ‘ललित’मध्ये इतर प्रकाशकांच्या जाहिराती येऊ शकल्या, त्यांच्या आगामी पुस्तकांची खबर, परीक्षणे, लेखकांच्या घरच्या-दारच्या गोष्टी येऊ शकल्या. स्पर्धकाच्या मासिकाला जाहिरात देताना प्रकाशकांना अवघड वाटले नसेल, कारण त्यांचे पुस्तकही त्याच दुकानातून जाणार होते.

तरीही एवढ्यावर ते चांगले सूचीपत्रच झाले असते. त्याला अड्ड्याचे रूप दिले ठणठणपाळने. ‘घटका गेली, पळे गेली’ या सदरात तो साहित्यातल्या भल्याभल्यांवर टोले हाणी. वसंत सरवटे यांनी त्याला हातात हातोडा दिला, आणि ते चित्र मजकुराइतकेच लोकांच्या डोक्यात बसले. हा ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी, हे सुरुवातीला गुपित होते. ‘हा कोण?’ यावर वाचकांत, लेखकांत तर्क लढत. आजच्या भाषेत याला प्रसिद्धीची युक्ती म्हणतील, आणि ती होतीही. पण ज्यांची पुस्तके आपल्याच गल्ल्यावर विकायची, त्या लेखकांची टर आपल्याच पानांवर उडू देणे, यासाठी दुकानदाराला छाती लागते. दळवींची स्वतःची पुस्तकेही मॅजेस्टिक काढत असे, म्हणजे सगळे घरातलेच. असे असूनही सदर मिंधे झाले नाही, याचे श्रेय मी दळवींइतकेच केशवरावांना देतो.

पुढे पार्ल्याच्या ‘मॅजेस्टिक गप्पा’ सुरू झाल्या. लेखकाला समोर बसवून बोलते करायचे, आणि ऐकायला येणाऱ्याला पुस्तकेही चाळायला मिळावीत. गप्पा आधी की विक्री आधी, हे तिथे आलेल्या कुणाला विचारले असते तर तो हसला असता.

केशवराव १९८३ मध्ये गेले. मासिक अशोक कोठावळे यांनी पुढे नेले. आज प्रकाशन संस्थांत फेसबुक-इन्स्टाग्राम बघायला बहुधा एकच मुलगा किंवा मुलगी असते. वाचकांच्या तक्रारींना उत्तर तिनेच द्यायचे, सवलतीची चित्रेही तिनेच टाकायची. महिन्याचा हिशेब मात्र विक्रीचाच मागतात. अशा ठिकाणी ठणठणपाळ नेमायचा अधिकार तिला कोण देणार?

अभ्यासकाची एक अडचण सांगतो. ग्रंथालयांत मासिकांचे खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत होती. त्यामुळे ठणठणपाळ उरतो, पण त्याच्या शेजारच्या पानावर कोण काय विकत होते ते हरवते. कुणाच्या माळ्यावर ‘ललित’चे जुने सुटे अंक असतील, तर ते रद्दीत देण्याआधी ती पाने एकदा बघावीत.