संरक्षक सोबत
संघर्षग्रस्त प्रदेशात जिवाला धोका असलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांबरोबर परदेशी स्वयंसेवकांनी निःशस्त्र वावरण्याची शांतताकार्यातील पद्धत. तिचा मुख्य प्रसार ‘पीस ब्रिगेड्स इंटरनॅशनल’ या संस्थेने केला. ही संस्था १९८१ मध्ये कॅनडातील ग्रिंडस्टोन बेटावर स्थापन झाली. संस्थापकांत नारायण देसाई होते आणि विनोबा भावे यांच्या शांतिसेनेचा (१९५७) अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

ग्वातेमालात बेपत्ता व्यक्तींच्या नातेवाइकांनी १९८४ मध्ये संघटना उभारली. १९८५ च्या मार्च-एप्रिलमध्ये तिचे दोन नेते मारले गेले. तेव्हापासून उरलेल्या नेत्यांसोबत स्वयंसेवक घरी, कचेरीत, मोर्चात अहोरात्र राहू लागले. परदेशी साक्षीदारासमोर खून केल्यास सरकारची जगभर नाचक्की होते आणि मदत अडते, ही भीती मारेकऱ्यांना रोखते. जिथे सत्ताधाऱ्यांना किंवा सशस्त्र गटांना बाहेरच्या जगाची पर्वा नसते, तिथे मात्र हे कवच लंगडे पडते. कोलंबियातील सान होसे दे आपार्तादो या शांतता-वसाहतीला अशी सोबत मिळत असतानाही फेब्रुवारी २००५ मध्ये तिचे नेते लुईस एदुआर्दो गेर्रा यांच्यासह आठ जणांची हत्या झाली.

बोलावल्याशिवाय जायचे नाही आणि स्थानिकांच्या निर्णयात ढवळाढवळ करायची नाही, हे संस्थेचे दंडक आहेत. बाहेरून आराखडे घेऊन येणाऱ्या अनेक मदतसंस्थांपेक्षा ही शिस्त अधिक मोलाची आहे, कारण शांततेचे काम स्थानिकांच्याच हाती राहते.