शहाबादी फरशी आणि न दिसणारा मालक

आपल्या जुन्या घरातले स्वयंपाकघर आठवून पाहा. भिंती मातीच्या असोत वा चुन्याच्या, पायाखाली शहाबादी फरशी असायचीच. सकाळी पुसून काढली की काळसर निळी दिसणारी, उन्हाळ्याच्या दुपारी उघड्या पाठीने आडवे व्हावे अशी गार. मुंबईच्या चाळींतल्या मोऱ्या आणि पुण्याच्या वाड्यांतले चौक याच दगडाचे. तिकडच्या माणसाला शहाबाद हे फरशीच्या जातीचे नाव वाटते. ते गुलबर्गा आणि वाडी यांच्यामधले स्टेशन आहे, हे आपण सांगितले की तो चकित होतो. (गुलबर्ग्याचे 2014 मध्ये अधिकृतपणे कलबुर्गी झाले. जिभेच्या सवयीने मी जुनेच नाव वापरतो, वाचकांनी क्षमा करावी.)

आपल्या भागाचा इतिहास म्हटला की आपण बहमनींचा किल्ला, बसवकल्याण, माणिकनगर, मलखेडचे राष्ट्रकूट यांच्याबद्दल बोलतो. फार तर पोलीस ॲक्शनपर्यंत येतो. कारखानदारीचे युग मँचेस्टरला झाले, मुंबईला झाले, थोडेफार सोलापूरला झाले, असा आपला समज. पण अमेरिकेत रॉकफेलर तेलाचा धंदा एका कंपनीखाली आणत होता त्याच वर्षांत आपल्या ज्वारी-तुरीच्या रानांतून रूळ टाकले जात होते, आणि त्या रुळांवरून आपल्याकडे यंत्रांबरोबर आणखी एक वस्तू आली. ती वस्तू म्हणजे कंपनी. कोणाला भेटता येत नाही, कोणाशी भांडता येत नाही, असा मालक आपल्या लोकांनी तेव्हा पहिल्यांदा अनुभवला.

त्याआधीचा मालक कसा होता? हुमनाबादच्या किंवा भालकीच्या पेठेतला आडत्या ओट्यावर बसलेला दिसायचा. त्याचे व्याज जबर असेल, मापात तो मारत असेल, पण त्याचे घर, त्याची जात, त्याच्या मुलीचे लग्न कुठे झाले हे ऋणकोला ठाऊक असे. दुष्काळात त्याच्या दारात जाऊन बसता येत असे. हुंडी लिहिणारी पेढी नावावर चाले, आणि नाव म्हणजे जिवंत माणसाचे नाव. मालाची ने-आण लमाणांच्या तांड्यांकडे होती. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ वर यायचे आणि धान्य खाली जायचे. आपल्या जिल्ह्यांत आज जागोजागी तांडे वसलेले आहेत, ते एके काळी चालते होते. त्यांना बसवले रेल्वेने. बैलाच्या पाठीला आगगाडीशी स्पर्धा करता आली नाही. मोठ्या भांडवलाच्या युगात आपल्याकडचे पहिले दिवाळे निघाले ते त्यांचे, आणि त्याची नोंद कोणत्याही कोर्टात झाली नाही.

जी. आय. पी. रेल्वे सोलापूरला 1860 मध्ये पोहोचली. तिथून गुलबर्गा, शहाबाद, वाडी करीत ती रायचूरला गेली, आणि 1871 साली मुंबईकडचा मार्ग मद्रासकडच्या मार्गाला मिळाला. निजामाच्या राज्यातून जाणारी ही पट्टी, पण रुळांखालच्या जमिनीवर हुकमत इंग्रजांची. स्टेशनच्या कुंपणाआड कायदा वेगळा. नाणेही वेगळे: आत कलदार, बाहेर हाली. शंभर कलदारांना हाली सुमारे एकशे सोळा रुपये पावणेअकरा आणे पडत. म्हणजे कलदार सहा तर हाली सात. आपल्या कोणाच्या घरी जुन्या चोपड्या असतील तर त्यांत ही दुहेरी जमाखर्चाची कसरत दिसेल. शिवाय माल राज्याबाहेर जाताना वा आत येताना करोडगिरी नाक्यावर शेकडा पाच जकात. एका पोत्यामागे किती हिशेब ठेवावे लागत, याची कल्पना करा. मराठी, कानडी, उर्दू आणि थोडी इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनाला या पट्ट्यात मान मिळू लागला तो यामुळे. वतनाची दफ्तरे सांभाळलेल्या घरांतली मुले मालधक्क्यावर पावत्या फाडू लागली.

1874 साली वाडीपासून सिकंदराबादपर्यंतचा फाटा सुरू झाला, आणि वाडी हे जंक्शन झाले. हा फाटा निजामाच्या पैशाने बांधलेला. खरी गंमत पुढे आहे. 1883 मध्ये लंडनला एक कंपनी उभी राहिली, निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. नावातला 'गॅरंटीड' हा शब्द नीट पाहा. कंपनीने लंडनच्या बाजारात भांडवल उभारायचे, मार्ग पूर्वेकडे वाढवायचा, आणि निजाम सरकारने त्या भांडवलावर वीस वर्षे शेकडा पाच व्याजाची हमी द्यायची. गाडी रिकामी धावली तरी भागधारकाचे पाच टक्के पक्के. कमी पडेल ते सरकारी खजिन्यातून. आणि खजिन्यात पैसा येणार कुठून? मुख्यतः शेतसाऱ्यातून. चिंचोळी किंवा औराद भागातल्या ज्या कुणब्याने आयुष्यात आगगाडी पाहिली नव्हती, त्याच्या साऱ्यातला हिस्सा लंडनमधल्या कुणा निवृत्त गृहस्थाच्या लाभांशात जाऊ शकत होता. दोघांनाही एकमेकांचे नाव कळण्याची सोय नव्हती.

हे कोणाच्याच ध्यानात आले नाही असे नाही. या रेल्वे योजनेच्या अटी लोकांपुढे ठेवाव्यात म्हणून हैदराबादेत 1883 मध्ये चळवळ झाली. चांदा रेल्वेची चळवळ म्हणून ती ओळखली जाते. तिच्यात पुढाकार घेणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील, यांना राज्याबाहेर काढण्यात आले. राजकारणाचा त्यात वास नव्हता, मागणी हिशेब दाखवा एवढीच होती. आपल्या भागातल्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात मी तरी इथून धरतो.

हिशेब का मागायचा होता ते पाचच वर्षांत दिसले. 1886 मध्ये राज्यातल्या खनिजांचा मक्ता हैदराबाद (डेक्कन) कंपनी नावाच्या लंडनच्या कंपनीकडे गेला. भांडवल कागदावर दहा लाख पौंड, दहा पौंडांचे एक लाख शेअर. त्यांपैकी 85 हजार शेअर मक्ता मिळवणाऱ्यांनी पैसा न भरता, पूर्ण भरलेले म्हणून स्वतःकडे घेतले. या व्यवहारात निजाम सरकारचा बडा अधिकारी सरदार अब्दुल हक भागीदार होता. त्यांतलेच काही शेअर पुढे चढ्या भावाने खुद्द निजाम सरकारला विकण्यात आले. म्हणजे स्वतःच्या जमिनीखालचा कोळसा सरकारने फुकट दिला, आणि त्याचा कागद पैसे मोजून परत घेतला! 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने याची चौकशी केली. आज कोणी 'शेअर बाजारातला घोटाळा' म्हणून नवलाने सांगू लागला की मला हे प्रकरण आठवते. पण त्याच कंपनीने सिंगरेणीचा कोळसा बाहेर काढला हेही तितकेच खरे, आणि तो कोळसा रेल्वेने पश्चिमेकडे येऊ लागल्यावर दख्खनमध्ये वाफेचे यंत्र चालवणे सोपे झाले. लबाडी आणि बांधकाम एकाच हाताने चालले होते, हे त्या युगाचे वैशिष्ट्य इंग्लंड-अमेरिकेतही दिसते.

गुलबर्ग्याची कापडगिरणी याच दशकातली. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नावाने ती महबूब शाही कुलबर्गा मिल. आपण सगळे तिला एमएसके मिल म्हणत आलो. सोलापूरची जुनी गिरणी 1877 च्या सुमारास सुरू झाली होती, तीच वाट पुढे गुलबर्ग्याला आली. का आली? भोवती काळ्या रानात कापूस, दाराशी रूळ, आणि 1876 ते 78 च्या दुष्काळाने गावे सोडलेली माणसे. गिरणीला तिन्ही लागतात. त्या दुष्काळात गेलेल्या घरांची दुःखे आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात होती. त्याच दुष्काळाने स्वस्त मजूर तयार ठेवले, हे आपण सहसा जोडून पाहत नाही.

गिरण्या चालवण्याची त्या काळची रीत सांगायला हवी, कारण तिच्यात पुढच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ आहे. भागधारक शेकड्यांनी, पण कारभार एका एजन्सीकडे. मॅनेजिंग एजंट म्हणत तिला. मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्यांत या एजंटाचे कमिशन दर पौंड सुतामागे पाव आणा असे ठरलेले असे. नफा झाला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही, सूत निघाले की झाले. मग बाजार मंद असला तरी चाती फिरत राहणार, आणि तोटा भागधारकाच्या आणि शेवटी कामगाराच्या माथी जाणार. ही पद्धत कायद्याने बंद झाली ती थेट 1970 मध्ये. गिरणीत आत गेलेल्या माणसाला मात्र एजंट दिसत नसे, त्याला दिसे तो जॉबर. नोकरी देणारा तो, खाडा लावणारा तो, वेळप्रसंगी व्याजाने पैसे देणाराही तोच. ओट्यावरचा आडत्या गेला आणि जॉबर आला. फरक एवढाच की आडत्या मालक होता आणि जॉबर स्वतःच नोकर. त्याच्याशी भांडून मालकापर्यंत पोहोचता येत नसे.

स्वातंत्र्यानंतर ही गिरणी नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनकडे गेली आणि पुढे बंद पडली. नाव वस्तीला उरले आहे.

आता पुन्हा फरशीकडे. शहाबादचा चुनखडक थराथरांनी बसलेला आहे. पाचर ठोकली की लादी सुटते, करवतीची गरज नाही. त्यामुळे वडार आणि इतर खाणकामगार छिन्नी-हातोडीवर हा धंदा करू शकले, आणि गुत्तेदार थोड्या भांडवलात उभा राहू शकला. रेल्वेने तीच लादी मुंबईपर्यंत नेली. हा धंदा मोठा झाला तरी मोठ्या कंपनीच्या हाती सबंध कधी गेला नाही. तोच दगड दळून भाजायचा ठरवले की मात्र गणित बदलते. एक टन सिमेंटला साधारण दीड टन चुनखडक लागतो, आणि भाजताना त्यातले वजन वायू होऊन उडून जाते. उडून जाणाऱ्या वजनाचे रेल्वेभाडे कोण भरील? म्हणून कारखाना खाणीशेजारीच हवा. चौदाशे-साडेचौदाशे अंशांपर्यंत तापणारी भट्टी हवी, कोळसा हवा, अभियंते हवेत. हे गुत्तेदाराच्या आवाक्यातले काम नव्हे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शहाबाद सिमेंट कंपनी उभी राहिली ती मुंबईच्या भांडवलाच्या बळावर.

त्या दशकात देशात सिमेंटचे कारखाने भराभर निघाले आणि भाव कोसळले. कंपन्या एकमेकींचे गिऱ्हाईक पळवण्यासाठी दूरदूरच्या बाजारांत तोट्याने माल पाठवू लागल्या. एकीच्या दाराशी दुसरीची पोती उतरत आणि दोघींचा पैसा रेल्वेच्या खिशात जाई. आधी भाव ठरवण्यासाठी संघटना झाली, मग 1930 मध्ये विक्रीसाठी एकच कंपनी, आणि शेवटी 1936 मध्ये दहा कंपन्यांचे विलीनीकरण होऊन एसीसी जन्माला आली. टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशा अशा चार गटांच्या या कंपन्या. त्यांत आपली शहाबादही. ही जुळवाजुळव करणारे दिनशा त्याच वर्षाच्या सुरुवातीला वारले, त्यांना ती पूर्ण झालेली पाहायला मिळाली नाही. अमेरिकेत मॉर्गनने 1901 मध्ये पोलादात जे केले, त्याचा देशी अवतार म्हणून हे विलीनीकरण पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे. शहाबादच्या खाणीवरच्या माणसाला त्याचा अर्थ एवढाच होता की दगड किती फोडायचा हे यापुढे मुंबईत, इतर कारखान्यांचे आकडे शेजारी ठेवून ठरणार.

मी हे तक्रारीच्या सुरात लिहीत नाही. या कारखान्यांनी आपल्या मुलांना फिटर केले, केमिस्ट केले, टायपिस्ट केले. ठरलेल्या तारखेला पगार येणे म्हणजे काय, हे पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या घरांना त्यामुळे कळले. पण आपले मराठी व्यापारी घराणे यात भागीदार का झाले नाही, हा प्रश्न मला सतावतो. आपला पैसा आडतीत, सोन्यात, जमिनीत आणि पुढे गुलबर्ग्याच्या डाळ-मिलांत गेला. बुद्धी कमी पडली असे मला वाटत नाही. ज्याचा मालक दिसत नाही अशा धंद्यात पैसा टाकायचा तर कंपनी, कोर्ट आणि हिशेबतपासनीस यांवर विश्वास लागतो. ज्यांच्या डोळ्यांसमोर डेक्कन कंपनीचे प्रकरण घडले त्यांच्याकडून तो कसा अपेक्षावा?

1956 च्या राज्यपुनर्रचनेत बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर-निलंगा एकीकडे, जहिराबाद दुसरीकडे, बिदर-भालकी-हुमनाबाद म्हैसूरकडे. आपली नाती सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिली. भांडवलाला सीमेचा त्रास झाला नाही. 1968 मध्ये एसीसीचा वाडीचा कारखाना सुरू झाला, नंतर मलखेड आणि सेडमलाही भट्ट्या पेटल्या, राष्ट्रकूटांच्या राजधानीच्या अगदी शेजारी. 2005 पासून एसीसीची सूत्रे स्वित्झर्लंडच्या होल्सिमकडे गेली, 2022 मध्ये ती अदानी समूहाकडे आली.

आणि बिदर? रूळ नाही म्हणून ते या सगळ्यातून बाहेर राहिले. बिदरी कामाचे कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची तार ठोकत राहिले, किल्ल्यातल्या मातीने ते काळे करीत राहिले, आणि त्यांची कधी कंपनी झाली नाही. निजाम सरकारने 1930 मध्ये रेल्वे विकत घेतली, त्याच सुमारास विकाराबादकडून बिदरला गाडी आली. पण बिदरहून गुलबर्ग्याला जायचे तर मोटारीनेच, नाहीतर मोठा वळसा घालून. हुमनाबाद, कमलापूरवरून जाणारा थेट मार्ग ऑक्टोबर 2017 मध्ये उघडला. वाटेत मरगुत्तीजवळ बोगदा लागतो. जी. आय. पी.ची गाडी रायचूरला पोहोचली त्याला तेव्हा 146 वर्षे झाली होती.

तुमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत हालीतले एखादे बिल, मालधक्क्याची पावती किंवा गिरणीचे हजेरीकार्ड असेल, तर ते फेकण्यापूर्वी मंडळाच्या ग्रंथालयात दाखवावे. कपाटाचा एक खण त्यासाठी रिकामा करून ठेवला आहे.